तरवडाकडची माती

"बया, ही गारा तुडवायली का नाचायली?" कौसाबाई म्हणाली आणि खड्ड्यातल्या सगळ्याजणी हसल्या.

मी नाचत नव्हते. पाय रुतला की तो उपसून काढताना अंगाला हेलकावा बसतो, तेवढंच. पण खरं सांगायचं तर मला त्या खड्ड्यात बरं वाटायचं. गारा म्हणजे भिंतीसाठी कालवलेली माती. माती, भुस्सा, शेण आणि पाणी एकत्र करून मुरत ठेवायचं आणि मग पायांनी मळायचं. वर चैताचं ऊन आणि खाली नडगीपर्यंत गारवा. घरातून बाहेर पडायला मला तेवढं कारण पुरत होतं.

"जनावराच्या तोंडचा भुस्सा भिताडाला घालतेत," कौसाबाई पुढं म्हणाली. "माझी म्हैस बघती माझ्याकडं. म्हणती, कौसे, ते घर दूध देणार हाय का?"

"मावशी, तोंड कमी, पाय जास्त," मी म्हणाले.

"तुझे हायत की जास्त. म्याडमची लाडकी तू. आम्ही काय, गाढवं."

गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडं ते घर चाललं होतं. पुण्याचे एक निवृत्त डॉक्टर तिथं राहायला येणार होते. घर सगळं मातीचं. सिमेंट नाही, भट्टीची वीट नाही, लोखंडाची सळई नाही. बांधून घेणाऱ्या मृणाल मॅडम माझ्याच वयाच्या होत्या. सुती पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्याबरोबर खड्ड्यात उतरायच्या, आमच्याच डब्यातलं खायच्या. त्या दिवशी कुठल्याशा कॉलेजची पोरं बघायला आली होती. खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून मॅडम त्यांना सांगत होत्या.

"या घरातलं सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आतलं आहे. लाकूड इथल्या बाभळीचं, भुस्सा इथल्या गव्हाचा, माती तर ती समोर दिसते तिथली. सिमेंटचं पोतं इथं यायला किती डिझेल लागतं, ते भाजायला किती कोळसा लागतो, त्याचा हिशोब करा. या घराचं जमिनीवर जवळजवळ ओझंच नाही."

"ओझं नाही म्हणं," कौसाबाई माझ्या कानाशी पुटपुटली. "माझी मान मोडली टोपली वाहून."

पोरांनी आमचे फोटो काढले. माझा एक निराळा काढला. मी हसले होते त्यात.

समोर दिसत होती ती पांढर. पूर्वी कधीतरी गाव तिथं होतं. मग ते उठून आत्ताच्या जागी आलं, आणि जुन्या घरांच्या पडलेल्या मातीची टेकडी झाली. ती माती पांढरट, चिवट आणि पावसाला न दबणारी. आमच्याकडं माळवदाच्या छतावर तीच टाकतात. काळ्या रानाच्या मातीची पहिली भिंत तडकली तेव्हा मॅडमनी गावाला विचारलं, आणि सरपंच सर्जेराव तात्यांनी बोट पांढरीकडं केलं. गाव टोपलीनं माती नेतं तेव्हा ओढ्याकडच्या अंगानं उकरतं. ट्रॅक्टर तिथं चढेना. म्हणून जेसीबी मागून लावला, तरवडाची झुडपं होती त्या अंगानं. झुडपं एका सकाळीत निघाली. कुणी काही म्हणालं नाही.

मी त्या कामावर कशी आले तेही सांगते.

माझी मुलगी पौषात जन्मली आणि पौषातच गेली. छाती भरली होती तिची. मांडीवर होती आणि एकदम हलकी झाली. नाव ठेवायचं राहिलं होतं. दात न आलेल्या लेकराला आमच्याकडं जाळत नाहीत, मातीत ठेवतात. सासऱ्यांनी खोरं घेतलं, ह्यांनी तिला माझ्या जुन्या लुगड्यात घेतलं आणि दोघं गेले. बाईनं उंबऱ्याच्या आत राहायचं. परत आल्यावर ह्यांनी हात धुतले, तो पाण्याचा आवाज मी आतून ऐकला.

कुठं ठेवलं ते आईला सांगत नाहीत. तिची ओढ तिथं राहिली तर पुढचं पोटात ठरत नाही म्हणतात. वय झालं, मूलबाळ होण्याचं थांबलं, की मग कधीतरी एखादी म्हातारी सांगते. तोवर सगळ्या गावाला ठाऊक, फक्त आईला नाही.

मी ह्यांना विचारायची. हे केजला टेम्पो चालवायचे आणि आठ-पंधरा दिवसांनी घरी यायचे.

"नुसतं एकदा बसते तिथं. काही करत नाही."

"नाही सांगायचं अस्तंय."

"कुत्री उकरतेत का, एवढंच बघते."

"दगड ठेवलेत वर. मोठे. झोप."

दगड ठेवलेत एवढं मला मिळालं होतं. त्यावर मी बरेच दिवस काढले. पाणी आणायला जाताना दिसेल त्या दगडाच्या ढिगाकडं बघायची. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते ओळखलं. "येड्यावानी दगडं बघत हिंडती," त्या शेजारणीला मला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "एक पोर जगवता आलं नाही अन् सोंगं बघा." दूध आटायचं होतं तेव्हा. छातीला फडकं आवळून बांधायची मी, आणि त्या म्हणायच्या, म्हशीला तरी पारडू मेल्यावर पेंढ्याचं दाखवतेत, हिला काय दाखवायचं. म्हणून मॅडमनी बाया मागवल्या तेव्हा मी पहिली गेले.

कॉलेजची पोरं येऊन गेली त्याच संध्याकाळी हे गावी आले. एसटीच्या फाट्यावरून पायवाट पांढरीला वळसा घालून येते. घरात पाऊल टाकलं तेव्हा चेहरा कसातरीच होता. पाण्याचा तांब्या दिला तर हातात धरून उभेच राहिले.

"ती माती कोण न्यायलंय?"

"डॉक्टरच्या घराला. मीबी जाते तिथं. तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं का?"

"घरकाम म्हणली होतीस."

"घराचंच काम की."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी त्यांच्याकडं. मला वाटलं, सून मजुरीला गेली म्हणून राग आलाय. हे तसेच तात्यांच्या घरी गेले. परतले ते ताटावर बसून भाकरी नुसती मोडत राहिले.

सकाळी मी डबा बांधत होते तर म्हणाले, "आजपासून जायचं नाही."

"का?"

"नाही जायचं म्हणलं ना."

"का पण? घरात बसून दिवसभर काय करू? यांचं ऐकू?"

आत्याबाई उठून बसल्या. "तोंड बघ हिचं."

"द्वारके," हे म्हणाले, आणि आवाज एकदम खाली आणला, "माझं ऐक. दुसरीकडं लावतो तुला कामाला. शेळ्या घेऊन देतो. तिथं नको."

त्यांनी असं विनवून माझ्याकडं लग्न होऊन आल्यापासून काही मागितलं नव्हतं. दुसरी एखादी विरघळली असती. माझ्या मनात मात्र आलं, आता यांना माझ्याकडून काहीतरी पाहिजे आहे. आता मागून घ्यावं.

"जागा सांगा," मी म्हणाले. "मग नाही जात. कधीच जात नाही."

डोळ्याखाली काहीतरी हललं त्यांच्या.

"नाही सांगता येत."

"मग मी चालले."

"आई, सांग तिला तू काहीतरी!"

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "जाऊ दे तिला. हजेरी कशाला बुडवती? पाय तर धुऊनच येती रोज." आणि तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

ते वाक्य मी ऐकलं आणि डबा घेऊन निघाले. त्या माझी बाजू घेतायत, एवढंच मला वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

त्या दिवशी खड्डा नवा होता. आदल्या दिवशीच्या ट्रॉल्यांची माती मुरून तयार होती. माती चाळून घेतली की चाळणीवर खापरं राहायची, शंखाच्या बांगडीचे तुकडे, कधी हाडकं. हाडकं गवंडी लांब फेकायचा. "जुनं गाव हाय, कोंबड्या-बकऱ्या खाल्ल्या असतील," म्हणायचा. मॅडम खापरं धुऊन ठेवायच्या, भिंतीत बसवायला.

आम्ही फेर धरून तुडवत होतो. मधेच कौसाबाई एकदम गप्प झाली, म्हणून मी वर बघितलं. काठावर हे उभे होते.

"भाईर ये."

सगळ्या बाया थांबल्या. मॅडम भिंतीवर मातीचा गोळा बसवत होत्या, त्यांनीही मान वळवली.

"आलात का दावणीला न्यायला," मी म्हणाले. बायांसमोर मी तशी बोलले. मला वाटलं, आता सगळे बघतायत, आता यांना सांगावंच लागेल.

"द्वारका, भाईर ये म्हणलं ना."

"म्हणजे घरी चला, आत्याबाईंचं ऐका, तुम्ही पुन्हा केजला. जागा सांगा, येते."

"चारचौघांत नको."

"चारचौघांनाच ठाऊक हाय! मलाच नाही! कौसामावशीला ठाऊक असेल, तात्याला ठाऊक असेल, त्या जेसीबीवाल्याला बी ठाऊक असेल. जिनं पोटात वाढवलं तिला नाही. सांगा, कुठं हाय माझी लेक? सांगा, या क्षणी निघते."

मी पाय आपटला. चिखल उडून त्यांच्या पांढऱ्या पँटीवर गेला. एक बाई फिसकन हसली.

त्या हसण्यानंच झालं असावं. त्यांचा चेहरा मिटला.

"जागा पाहिजे ना?" ते म्हणाले. "उभी हायस तीच."

मला समजायला वेळ लागला. आधी वाटलं, शिवी दिली. मग मी पायाकडं बघितलं. मग समोर, जिथं तरवड होता तिथं जेसीबीनं उभी कापलेली पांढरीची कड दिसत होती. आजूबाजूला बघितलं. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. सगळ्याजणी मातीकडं बघत होत्या. त्यावरून कळलं.

एक पाय मी तसाच अर्धा उचललेला होता. तो खाली ठेवता येईना. दुसरा काढता येईना. जिथं ठेवीन तिथं तीच.

कौसाबाई सरकत माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या काखेत हात घातला. मला वाटलं, धरते आहे. पण ती माझ्या कानाशी, रोजच्याच आवाजात म्हणाली, "रडू नको. माझी बी दोन त्याच अंगाला. आठ दिवस झाले तुडवायली मी. काम बघ, ऊन चढलं की गारा आखडतो."

मी तिच्याकडं बघितलं. ती पुढं गेली. तिचे पाय थांबलेच नाहीत.

मॅडमना कुणीतरी सांगितलं. त्या धावत आल्या, ह्यांना काहीतरी विचारलं, आणि मग खड्ड्याच्या काठाशीच खाली बसल्या. हातातला मातीचा गोळा त्यांना खाली ठेवता येईना. "मला कुणी का नाही सांगितलं?" त्या पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या. "एक शब्द. एकानं. मी दुसरीकडून घेतली असती."

तात्यांना बोलावणं गेलं. ते मोटरसायकलवरून उतरले, चप्पल झटकली आणि खड्ड्याकडं न बघता मॅडमकडं बघितलं.

"तुम्ही माती इचारली, आम्ही माती दाखवली. सोय म्हणून तुम्हीच मागून मशीन लावली."

"तात्या, तुम्हाला माहीत होतं!"

"समद्या गावाला म्हाईत अस्तंय. पर बोलायची गोष्ट हाय का ती? बायामाणसांत?" मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "म्याडम, अख्खं गाव मेलंय त्या पांढरीत. कुठूनबी खांदा, कुणाचं ना कुणाचं निघणारच. तुमच्या पुण्याची जमीन काय कोरी हाय का?"

"काल हेच म्हणलात मला," हे तात्यांना म्हणाले.

"मग? आज निराळं म्हणू?"

मॅडम उठल्या. डोळे पुसले त्यांनी, तर गालावर माती लागली. "मी भिंत पाडते. सगळी माती परत नेऊन ठेवू."

"कुठली भिंत?" गवंडी म्हणाला. "ट्रॉल्या मिसळल्यात बाई. ह्या भितीत हाय का त्या, कसं सांगावं? चारी पाडाव्या लागतील."

"मग चारी. निदान हा खड्डा तरी परत नेऊ."

"नेऊन ठेवायचं कुठं?" हे म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, वाट विचारावी तसा. "तिथं आता भोक हाय."

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खिशात बिडी शोधत होता.

मी खाली बसले. गाऱ्यात, मांडी घालून. लुगडं सगळं भरलं.

"मावशी, भाईर व्हा," मी म्हणाले. "समद्या भाईर व्हा. पाय लावू नका कुणी."

"अगं, एवढा खड्डा एकटी..."

"भाईर व्हा म्हणलं ना."

बाया एकेक करून निघाल्या. कौसाबाई सगळ्यांत शेवटी. निघताना तिनं पायाला लागलेली माती बोटानं निपटून परत खड्ड्यात टाकली, आधी एका पायाची, मग दुसऱ्या.

मी हातानं मळायला सुरुवात केली. पिठासारखं नाही मळता आलं, ते फार होतं. म्हणून थोडं थोडं जवळ ओढून, तळव्यानं चोळून, गुठळी फोडून. तिला तेल लावायचं राहिलं होतं. आई येणार होती माहेराहून, तिच्या हातचं पहिलं लावायचं म्हणून थांबलो होतो. तसं लावलं मी. खडा लागला की काढून बाजूला ठेवायची. आणखीही काही लागलं हाताला. ते बाजूला ठेवलं नाही.

ह्यांनी पायातल्या चपला काढल्या. काढून काठावर जोडीनं ठेवल्या. पण खाली उतरले नाहीत.

ऊन उतरेपर्यंत मी गोळे केले. गवंडी हात पुढं करायचा, मी द्यायची नाही. स्वतः नेऊन लावले. मावळतीकडची भिंत चालली होती, खिडकीच्या खाली. मॅडम माझ्या बाजूला उभ्या होत्या, शेवटपर्यंत, हात न लावता. घरी गेले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आज लई उशीर केलास." मी पाय धुतले नाहीत. तसेच घेऊन आत गेले.

घर पावसाच्या आधी झालं. मॅडमनी पुढची माती तळ्यातून आणली. डॉक्टर दोन उन्हाळे आले, मग आजारी पडून वारले, आणि मुलगा परदेशात. कुलूप आहे आता. पाऊस आमच्याकडं मावळतीकडूनच येतो. वरचं छप्पर एका कोपऱ्यात उडालं, आणि ती भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी गळायला लागली.

गेल्या वर्षी मॅडम आल्या होत्या. केस थोडे पिकलेत. आम्ही दोघी त्या भिंतीपाशी उभ्या राहिलो. खिडकीखालून हात जाईल एवढी माती ओघळून जमिनीला मिळाली होती.

"राहू दे आता, द्वारका," त्या हळूच म्हणाल्या. "मातीचं घर असंच जावं. गेल्यावर मागं काही राहत नाही त्याचं. लोक बघायला येतात, तर मी हेच सांगते."

मी होय म्हणाले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

दिवाळी झाली की मी जाते. नवी माती नेत नाही. भिंतीच्या पायाशी पडलेली असते तीच खरवडून परत लावते, पुढच्या पावसात ओढ्याला वाहून जायच्या आत. हे कधी येतात, लांब बाभळीखाली उभे राहतात. कौसाबाई दरवर्षी येते. "लोकाचं भिताड लिपायलीस," ती ओरडते, "हजेरी कोण देणार तुला, त्या पुण्याच्या भुताचा लेक?" आणि कमरेवरची घागर माझ्यासमोर ओतते. मग पुन्हा भरून आणायला जाते.

यंदा पुढं झालेल्या धाकट्या लेकीला नेलं होतं. तिला दात आले, ती चालायला लागली, आता पळते. पाणी पडून माती मऊ झाली तसे तिचे डोळे चमकले. तिनं चपला भिरकावल्या आणि एक पाय उचलला.

तो मी वरच्यावर धरला.

"हातानं," म्हणाले.